महानंदाची पंचमी

महानंदाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नांदेडला विद्यापीठात, आमच्या समाजशास्त्र विभागाच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होती. दोन हजार चौदा साल. पीएच.डी.चा कोर्सवर्क सुरू व्हायचा पहिला दिवस. आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून, कोऱ्या वह्या घेऊन आलेलो आणि ही बाई मांडीवर रुमाल पसरून टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे करत बसलेली. मी लातूरच्या मास्तरांच्या घरातली. चारचौघांत कसं बसावं, कसं खावं याबद्दल आमच्या घरी ठाम मतं होती. मी नाक मुरडून पुढे निघाले, तर तिने ओंजळ पुढे केली.

"घे, घरच्या हायत. सर अर्धा तास येत न्हाईत. म्या विचारून आले."

मी घेतले दाणे. पुढची चार-पाच वर्षं मी तिच्या पिशवीतलंच खात राहिले.

महानंदा शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका लहानशा गावची. वडील माणिकप्पा, बारा एकरांचे शेतकरी. लग्न होऊन ती उमरीजवळच्या गावात आली. नवरा अमरनाथ कापूस-सोयाबीन करणारा, बोलायला अगदी कमी. बायको डॉक्टर होणार म्हणजे इंजेक्शनवाली नव्हे, हे तो गावात प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगायचा. सोमवारी सकाळी ती उमरीहून रेल्वेने नांदेडला यायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायची. मधले दिवस हॉस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत. माझं नाव सौदामिनी. हे नाव उच्चारण्यात वेळ घालवणं तिला पटत नसे. पहिल्याच आठवड्यात तिने मला 'मिनी' करून टाकलं आणि राग आला की 'मिने'.

ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. खोलीत एकच पंखा, तोही माझ्या पलंगावर, म्हणून उन्हाळ्यात ती हक्काने माझा पलंग भिंतीकडे ढकलून स्वतःची गादी मध्ये टाकायची. रविवारी मेस बंद. ती नांदेडला राहिली असली तर आम्ही रिक्षा करून गुरुद्वाऱ्यात जायचो आणि लंगरमध्ये पोटभर जेवून, थोडी ताटं घासून परत यायचो. येताना गोदावरीच्या घाटावर बसून ती मला माझ्याच प्रबंधातल्या चुका सांगायची. माझा विषय होता लातूरच्या शिकवणीच्या भागातल्या मुलींच्या खाणावळी. ती म्हणायची, "तुझ्या प्रबंधात भाजी लई हाय गं, पोरी कमी हायत." मी चिडायचे. ती बरोबर असायची, म्हणून जास्त चिडायचे.

आम्हा दोघींनाही जगात एकच गोष्ट हवी होती, कायमची प्राध्यापकी. सेट परीक्षेत दोघींच्याही दांड्या उडालेल्या, तिच्या दोनदा, माझ्या तीनदा. त्यामुळे नोकरीचा रस्ता एकच उरला होता: पीएच.डी. लातूरच्या एका कॉलेजात आमच्या विषयाचे सर दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात निवृत्त होणार, त्यांची जागा भरली जाणार, हे आम्हाला तीन वर्षं आधीपासून पाठ होतं. जागा एक. मुलाखत जूनमध्ये. तोवर पदवीचं पत्र हातात हवं असेल तर आदल्या दिवाळीपर्यंत प्रबंध जमा करायला हवा. आम्ही खोलीच्या भिंतीवर खडूने हा हिशेब लिहून ठेवला होता. एकाच जागेवर दोघींचा डोळा आहे, हे आम्ही विनोद म्हणून बोलायचो. "तू घे जागा, म्या तुझा डबा खाते," असं ती म्हणायची आणि मग आम्ही दोघी आपापल्या वह्या उघडायचो.

तिचा विषय सरळ होता. शेतीतले निर्णय घरात कोण घेतं? काय पेरायचं, कधी विकायचं, हे ठरवतं कोण? चौदा गावं शिरूर अनंतपाळ तालुक्यातली, चौदा उमरी तालुक्यातली. प्रत्येक गावात दहा बायका, प्रत्येकीला एक्केचाळीस प्रश्न. हेच दोन तालुके कशाला, असं आमचे गाइड शिवमूर्ती सर यांनी विचारलं तर म्हणाली, "ओळख असल्याबिगर बाई दार उघडत न्हाई, सर." सरांना पटलं. मलाही पटलं. कोणालाही पटलं असतं.

मी तिच्यासोबत दोन्हीकडे हिंडले. शिरूरकडे काय थाट! "माणिकप्पाची पोरगी आली" म्हटलं की घरातल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. प्रश्न राहिले बाजूला, आधी हिची ओटी भरायची. गहू, नारळ, खण. तालुक्याची लेक रिकाम्या ओटीने दारातून कशी जाईल! एका गावात दहा घरं झाली तेव्हा रिक्षात नऊ नारळ आणि दहा खण होते. "हे संशोधन आहे की हळदीकुंकू?" मी विचारलं. ती म्हणाली, "जळू नको. तुला बी एक खण देते." बायका मात्र भडाभडा बोलायच्या. कोणी नवऱ्याला न विचारता तूर पेरली, कोणी दिराशी भांडून बैल विकायला लावला. महानंदा हसत-हसत लिहून घ्यायची.

उमरीकडे गेलो की ती निराळी व्हायची. गाव लागायच्या आधीच डोक्यावर पदर. आवाज खाली. कोणी बाज पुढे केली तरी ही जमिनीवरच बसायची. "कोणाची सून?" हा पहिला प्रश्न. मग सासऱ्याचं नाव, मग अमरनाथचं. घरातली सासू उंबऱ्यात येऊन बसायची आणि सून ताटातल्या डाळीकडे बघत म्हणायची, "मालकच ठरवतात की. आमाला काय कळतं?" पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. उन्हात तीन आठवडे आम्ही 'मालक' लिहीत फिरलो. मी समाजशास्त्र शिकत होते आणि हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तिच्याही नाही.

आकडे मांडले तेव्हा सर खुर्चीतून उठले. शिरूरकडे शंभरातल्या एकसष्ट बायका निर्णयात होत्या, उमरीकडे फक्त सोळा. मधे जेमतेम शे-सव्वाशे किलोमीटरचं अंतर आणि एवढा फरक! शिवमूर्ती सर म्हणजे 'अंदाजे' हा शब्द दिसला की पान फाडणारे गृहस्थ. ते महानंदाला म्हणाले, "बाई, तुम्ही मोठं काम केलंत." मग तिने बाजारपेठा, शाळा, पिकं अशी कारणं जोडून शंभर पानं लिहिली. नांदेडच्या परिसंवादात निबंध वाचला तेव्हा टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या. त्या दिवशी मला पक्कं कळलं की लातूरची जागा हिची. मला आनंद झाला आणि मी जेवले नाही.

दोन हजार अठराच्या मे महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं, दीपमालाचं लग्न होतं. मी शिरूरला गेले. पंगतीत आमच्या समोर सिंधु नावाची एक बाई बसली होती. महानंदाच्याच गावची लेक, उमरीकडेच दिलेली. आमच्या यादीत तिचं नाव होतं आणि नावापुढे महानंदाच्या हाताने 'मालक' लिहिलेलं होतं. आता ती शेजारणीला मोठ्याने सांगत होती, "गेल्या साली सोयाबीन म्या आडवलं. मालक म्हणले ईकू. म्या म्हणलं, संक्रांतीपस्तोर पोत्याला हात लावायचा न्हाई. काय बिशाद हाय लावायची!"

महानंदाचा घास हातातच राहिला. "सिंधु, आन् म्या विचारलं तवा तू मालक म्हणलीस की!"

"मंग काय म्हणू, माय?" सिंधु हसायला लागली. "आत्याबाई उंबऱ्यात बसलेल्या. तू बी पदर घेऊन बसलेली. तितं तू सून, म्या बी सून. आमच्या घरातलं तुझ्या घरी जाईल, तुझ्या घरातून गावभर. आता ईचार की. इतं तू माणिकप्पा काकाची पोरगी, म्या गावची लेक. काय पायजे ते सांगते."

भरल्या ताटावरून उठायची रीत नाही म्हणून महानंदा बसून राहिली. जेवण उरकल्यावर तिने मला हाताला धरून मांडवामागे नेलं. तिथे पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या सावलीत ती खाली बसली.

"मिने, गावं येगळी न्हाईत गं. म्याच येगळी होते. इकडं लेक म्हणून गेले, तिकडं सून म्हणून. त्या बायांनी मला बघून उत्तरं दिली."

"एका बाईवरून काय ठरवतेस?" मी म्हणाले.

"तुझ्या समोर झालं की समदं. आठव बरं. उमरीकडं एक तरी ओटी भरली का कोणी माझी?"

मला आठवलं. त्या तीन आठवड्यांत आम्हाला चहाशिवाय काही मिळालं नव्हतं.

पुढच्या सोमवारी ती सरांसमोर उभी राहिली. सगळं सांगितलं. पान फाडणारे सर बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "जमा करा. परीक्षक दोन्ही तालुक्यांत जाणार आहे का? नोकरी लागली की पुढचं संशोधन करा." महानंदा म्हणाली, "सर, खोटं हाय ते." सर म्हणाले, "खोटं नाही, अपुरं आहे." ती मान खाली घालून बाहेर आली. मला सरांचं पटलं होतं, हे मी तेव्हा बोलले नाही.

तिच्यापुढे दोन मार्ग होते. ती स्वतः उमरीकडे पुन्हा गेली तरी सूनच राहणार होती. म्हणून एक तर तिच्याऐवजी तिऱ्हाईत कोणीतरी जायला हवं होतं. नाहीतर त्या बायका पंचमीला माहेरी जातात तेव्हा त्यांना तिथे गाठायला हवं होतं. आमच्याकडे नागपंचमीला लेक माहेरी येते. झोके बांधतात, आणि चार दिवस का होईना, तिच्यावर कोणाचा डोळा नसतो. पण प्रत्येकीचं माहेर वेगळं, आणि पंचमी वर्षातून एकदा.

कँटीनमध्ये चहा घेताना तिने मला विचारलं. "मिनी, तू चलतीस का? दोन महिने. तू कोणाची सून न्हाईस, कोणाची लेक न्हाईस. तुला खरं सांगतील बाया. दिवाळीच्या आत दोघींचं बी जमा होतं."

आता खरं सांगते. माझा प्रबंध जवळपास लिहून झालेला होता. दोन महिने मला सहज देता आले असते. पण मी गेले असते तर दिवाळीला दोघींचे प्रबंध जमा झाले असते, जूनमध्ये दोघी एकाच टेबलासमोर बसलो असतो आणि जागा तिला मिळाली असती. ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे विभागातल्या शिपायालाही माहीत होतं. हा विचार करायला मला चहाचे दोन घोट पुरले.

"आईला बरं नाही गं," मी म्हणाले. "डॉक्टरांनी एकटीला ठेवू नका म्हटलंय."

तिचा चेहरा पडला, पण माझ्या आईसाठी. "काय झालं त्यास्नी? जप गं माय त्यांना." शुक्रवारी घरी न जाता ती आधी वडिलांकडे शिरूरला निघाली. निघताना पिशवीतून जवसाच्या चटणीची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. तोंडाला चव नसली की आजारी माणसाला बरी लागते म्हणाली.

मी लातूरला घरी जाऊन ती चटणी आईला दिली. आई ठणठणीत होती. तिने आवडीने खाल्ली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तिच्या प्रबंधात वाचलं आणि काही इतरांकडून ऐकलं. त्या वर्षीच्या पंचमीला अमरनाथच्या मोटरसायकलवर बसून ती भोकर, मुदखेड, हदगाव असं चार दिवस फिरली. चिंचेला बांधलेल्या झोक्यावर बसलेल्या बायकांना मागून झोका देत प्रश्न विचारले. त्यांचं माहेर, त्यांचं राज्य. त्या खुशाल बोलल्या. चार दिवसांत एकवीस बायका झाल्या. मग दिवाळी, अधूनमधून कोणाचं लग्न-बारसं आणि मग पुढच्या वर्षीची पंचमी. न्यायाने शिरूरकडच्या बायकांनाही त्यांच्या-त्यांच्या माहेरी जाऊन पुन्हा विचारलं. ह्या दोन वर्षांत ती स्वतः एकाही पंचमीला माहेरी गेली नाही. तिची आई दोन्ही वेळा झोका बांधून वाट बघत बसली होती, असं दीपमालाने मला नंतर सांगितलं.

मी दिवाळीआधी प्रबंध जमा केला. एप्रिलमध्ये व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला. जूनमध्ये मुलाखत झाली आणि जागा मला मिळाली. सरांनी पेढे खाल्ले. महानंदाला फोन केला तो तिने उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. उमरीकडे खेड्यात रेंज नसते, असं मी स्वतःला समजावलं. दोन वर्षं समजावत राहिले.

तिने प्रबंध जमा केला आणि कोरोना आला. व्हायवा लांबला, शेवटी मोबाईलवर झाला. पुढे एकदा विद्यापीठात गेले तेव्हा ग्रंथालयात मी तो प्रबंध काढून वाचला. चौथ्या प्रकरणात तिने दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी छापले होते. आधीचा एकसष्ट आणि सोळा, नंतरचा अठ्ठावन्न आणि त्रेपन्न. खाली लिहिलं होतं की पहिल्या तक्त्यातली चूक संशोधकाची आहे, उत्तर देणाऱ्या स्त्रियांची नाही. असं कोणी प्रबंधात लिहीत नाही. आमच्याकडे चूक कपाटात ठेवतात. मग मी ऋणनिर्देश उघडला. सर, अमरनाथ, आई-वडील, सिंधु आणि त्यांच्यानंतर एक ओळ: 'पहिल्या फेरीत तीन आठवडे उमरी तालुक्यातील गावांत भर उन्हात माझ्यासोबत चाललेल्या सौदामिनीचे आभार.' मी ग्रंथालयात बसून रडले. समोर एक मुलगा अभ्यास करत होता, तो उठून दुसऱ्या टेबलावर गेला.

महानंदा आता भोकरला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तासाला पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. यंदा आमच्या एम.ए.च्या मुलांना संशोधन पद्धतीवर व्याख्यान द्यायला मी तिला बोलावलं. माझ्या सहीचं पत्र पाठवलं. येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. केसांत थोडं पांढरं दिसायला लागलंय, पिशवी तीच मोठी. एक तास ती त्या दोन तक्त्यांवर बोलली. मोबाईल बघणारी पोरंही माना वर करून ऐकत होती. मी मागच्या बाकावर बसले होते आणि मला हॉस्टेलची खोली, तो पंखा, तो घाट सगळं आठवत होतं. ह्या वर्गात रोज हिने शिकवायला हवं होतं, हेही कळत होतं.

नंतर माझ्या केबिनमध्ये चहा आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी कसंबसं तोंड उघडलं.

"महानंदा, तेव्हा आई आजारी नव्हती."

"हाव, ठावं हाय," ती म्हणाली. बशीत चहा ओतत होती. "त्याच शुक्रवारी शिरूरची गाडी बदलायला लातूरला उतरले. गंजगोलाईच्या बाजारात तुझी आई दिसली. दोन हातात दोन पिशव्या, भाजीवाल्याशी भांडून राहिली होती. म्या बोलले न्हाई."

"मग ऋणनिर्देशात माझं नाव का घातलंस?" मी विचारलं.

"तीन आठवडे आलतीस की. ते खरं हाय. जे झालं ते लिहिलं, मिनी. जे झालं न्हाई, ते न्हाई लिहिलं."

"तुला राग नाही आला?"

तिने बशी खाली ठेवली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"दोन वर्सं तुझा फोन न्हाई उचलला, मिने. तुला काय वाटलं, आमच्याकडं रेंज नव्हती?"